वर्तुळात फिरणाऱ्या वस्तूवर कोणती बलं असतात? आकृतीपासून उत्तरापर्यंत

अकरावी-बारावीच्या उत्तरपत्रिकांत वर्तुळाकार गतीच्या प्रश्नाखाली एक आकृती हमखास सापडते. वळणावरची गाडी. वजनाचा बाण खाली, रस्त्याच्या अभिलंब बलाचा वर, घर्षणाचा आत. इथपर्यंत सगळं ठीक. मग घर्षणाच्या शेजारी आणखी एक बाण येतो, त्यावर लिहिलेलं असतं 'अभिकेंद्री बल'. आणि एवढ्यावर मन भरलं नाही तर हिशोब जुळवायला बाहेरच्या बाजूला 'अपकेंद्री बल'. झाले पाच बाण. यातले शेवटचे दोन खोडायला शिकलात की या धड्यातली बहुतेक गणितं सुटू लागतात. सूत्रं पाठ करण्यापेक्षा ही खोडाखोड जास्त उपयोगाची आहे, म्हणून लेखाचा भर तिच्यावर आहे.

बल लागतंच कशाला?

वस्तू ठराविक चालीने वर्तुळात फिरत असली तरी तिचा वेग बदलत असतो, कारण वेगाला दिशा आहे आणि दिशा क्षणोक्षणी वळते. वेग बदलतो म्हणजे त्वरण आहे, आणि त्वरण आहे म्हणजे सगळ्या बलांची बेरीज शून्य नाही. 'गाडी एकाच चालीने वळतेय, म्हणजे बलं समतोलात असणार' हा विचार इथेच बाद होतो.

त्वरण किती? वेगाचा बाण थोड्या वेळात जितक्या कोनातून वळतो, तितकाच कोन वस्तू केंद्राभोवती कापते. हा कोन म्हणजे कापलेलं अंतर भागिले त्रिज्या, म्हणजेच वेग × वेळ ÷ त्रिज्या. कोन लहान असेल तर बाणातला बदल वेग × कोन इतका असतो. त्याला वेळेने भागलं की उरतं वेग² ÷ त्रिज्या. दिशा केंद्राकडे. यापेक्षा लांब सिद्धता परीक्षेसाठी लिहावी लागेल, पण डोक्यात ठेवायला एवढी पुरते.

न्यूटनच्या दुसऱ्या नियमाने मग:

केंद्राकडच्या बलांची बेरीज = वस्तुमान × वेग² ÷ त्रिज्या

वर्गात ज्याला आपण 'एम व्ही स्क्वेअर बाय आर' म्हणतो ते हेच. हे समीकरण नीट बघा. डाव्या बाजूला खरी बलं आहेत: ताण, घर्षण, अभिलंब बल, गुरुत्वाकर्षण. उजव्या बाजूला आहे वस्तुमान गुणिले त्वरण. अभिकेंद्री बल हे डाव्या बाजूच्या बेरजेचं नाव आहे. वाण्याच्या बिलात तळाशी एकूण रक्कम लिहिलेली असते, म्हणून ती काही पिशवीतली आणखी एक वस्तू होत नाही. आकृतीत बेरजेचा वेगळा बाण काढला की तेच बल दोनदा मोजलं जातं.

गणिताला हात घालण्याची रीत

आधी एकच वस्तू निवडा. गाडी की गाडीत बसलेला माणूस? बादली की बादलीतलं पाणी? हे न ठरवता बाण काढायला बसलं की कुणाचं बल कुणावर, याचा गोंधळ ठरलेला.

मग जमिनीवर उभं राहून बघा. म्हणजे निरीक्षक वस्तूबरोबर फिरणारा नको, बाहेर स्थिर उभा असलेला हवा. अपकेंद्री बलाची भानगड या एका निर्णयाने मिटते. तिच्याकडे आपण शेवटी वळणार आहोत.

आता बलं शोधा. यासाठी एक पक्का प्रश्न आहे: या वस्तूला कोण स्पर्श करतंय? दोरी असेल तर ताण. पृष्ठभाग असेल तर त्याला काटकोनात अभिलंब बल, आणि पृष्ठभाग खरखरीत असेल तर त्याला समांतर घर्षण. स्पर्शाची यादी संपली की त्यात वजन घाला. शालेय गणितात याबाहेर क्वचितच काही येतं. प्रत्येक बाणाला 'हे बल कोणी लावलं?' असं विचारा. पृथ्वीने, दोरीने, रस्त्याने असं उत्तर आलं तर बाण राहू द्या. 'फिरण्यामुळे' असं उत्तर आलं तर खोडा.

यानंतर वर्तुळ कुठल्या प्रतलात आहे आणि त्याचं केंद्र नेमकं कुठे आहे ते ठरवा. हे लोक गाळतात आणि तिथेच फसतात. एक अक्ष केंद्राकडे घ्या, दुसरा त्याला काटकोनात. बलांचे घटक पाडा. केंद्राकडच्या अक्षावर बेरीज वस्तुमान × वेग² ÷ त्रिज्या. वर्तुळाच्या प्रतलाला लंब असलेल्या अक्षावर बेरीज शून्य, कारण त्या दिशेने वस्तू हलत नाही. वर्तुळाच्या स्पर्शिकेवर बेरीज शून्य येते ती फक्त चाल कायम असताना. चाल वाढत किंवा घटत असेल तर त्या दिशेनेही बल असतं.

उत्तर आलं की वेग शून्य धरून बघा, वेग खूप मोठा धरून बघा. उत्तर वेडंवाकडं दिसत असेल तर आकृतीकडे परत जा.

पुढच्या उदाहरणांत गुरुत्व त्वरण १० मीटर प्रति सेकंद वर्ग धरलंय.

गोफणीतला दगड

ज्वारी हुरड्यात आली की पाखरं हाकायला माळ्यावर उभं राहून गोफण फिरवतात. धरा की दगड १०० ग्रॅमचा, त्रिज्या पाऊण मीटर, आणि सेकंदाला ३ फेरे. चाल येते सुमारे १४ मीटर प्रति सेकंद, त्वरण सुमारे २६६ मीटर प्रति सेकंद वर्ग. लागणारं बल २७ न्यूटनच्या आसपास. दगडाचं वजन फक्त १ न्यूटन. म्हणून अशा गणितात वजन सोडून दिलं तरी चालतं, पण ते का चालतं हे आकड्यांवरून दिसलं पाहिजे.

दगडाला स्पर्श करणारी वस्तू एकच, गोफण. म्हणजे आतल्या बाजूचं बल ताणाचं. एक दोर सोडला की ताण गेला, आणि दगड त्या क्षणी जिकडे चालला होता तिकडे, म्हणजे स्पर्शिकेच्या दिशेने सुटतो. केंद्रापासून सरळ बाहेर तो जात नाही. गोफण चालवणाऱ्याला हे हाताने माहीत असतं: समोरच्या पाखरांवर दगड टाकायचा तर दोर समोर असताना सोडून भागत नाही, दोर नेमाच्या दिशेला काटकोनात असताना सोडावा लागतो. दगड खरोखर बाहेर ओढला जात असता तर हे तंत्र वेगळं असतं.

सपाट वळण

गाडीला स्पर्श फक्त रस्त्याचा. अभिलंब बल वर, वजन खाली, दोघं एकमेकांना फेडतात. आत ढकलायला उरलं घर्षण. टायर फिरत असलं तरी रस्त्याला टेकलेला त्याचा भाग घसरत नसतो, म्हणून हे स्थितिक घर्षण. त्याची कमाल मर्यादा घर्षण गुणांक × वजन. वस्तुमान दोन्हीकडून कटतं आणि येतं:

वेग² = घर्षण गुणांक × गुरुत्व त्वरण × त्रिज्या

५० मीटर त्रिज्येच्या वळणावर गुणांक ०.५ असेल तर कमाल चाल जवळपास १६ मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी ५७ किमी. पावसाने गुणांक ०.३ वर आला तर ताशी ४४ किमी. वस्तुमान कटल्यामुळे भरलेल्या ट्रकला आणि रिकाम्या ट्रकला घसरण्याची मर्यादा एकच येते. उलटण्याची मात्र येत नाही. उंच माल भरलेला ट्रक घसरायच्या आधी उलटू शकतो, पण तो बलाघूर्णाचा विषय आहे.

एक बारकावा. घर्षणाची किंमत दर वेळी गुणांक × अभिलंब बल इतकी नसते. ती फक्त वरची हद्द आहे. याच वळणावर गाडी ताशी ३६ किमीने गेली तर घर्षण वजनाच्या ०.२ पट इतकंच असतं, कारण तेवढंच लागतं.

उतार दिलेलं वळण

इथे मुलांचा जीव सर्वांत जास्त अडकतो, म्हणून जरा थांबू. वळणाची बाहेरची कड उचललेली असली की अभिलंब बल सरळ वर न राहता आत झुकतं, आणि त्याचा आडवा घटक घर्षणाचं काम हलकं करतो. घर्षण शून्य धरून समीकरणं लिहायची तर सवयीने हात लिहितो: अभिलंब बल = वजन × कोसाइन थीटा (थीटा म्हणजे रस्त्याच्या उताराचा आडव्या रेषेशी कोन). चूक.

ते समीकरण उतारावरून खाली घसरणाऱ्या ठोकळ्याचं आहे. तिथे त्वरण उताराला समांतर असतं, म्हणून उताराला लंब दिशेने बेरीज शून्य. इथे गाडी उतारावरून खाली येत नाही, ती आडव्या वर्तुळात फिरतेय. केंद्र तिच्याच उंचीवर, आडव्या दिशेला आहे. म्हणून अक्ष आडवा आणि उभा घ्यायचा. उभ्या दिशेने: अभिलंब बल × कोसाइन = वजन. आडव्या दिशेने: अभिलंब बल × साइन = वस्तुमान × वेग² ÷ त्रिज्या. भागाकार केला की

टॅन थीटा = वेग² ÷ (त्रिज्या × गुरुत्व त्वरण)

अभिलंब बल इथे वजनापेक्षा मोठं येतं, ठोकळ्याच्या गणितात लहान. आकृती हुबेहूब तीच, पण त्वरणाची दिशा वेगळी म्हणून उत्तर वेगळं.

हेच सूत्र रेल्वेचे इंजिनिअर वापरतात, फक्त त्याचा अवतार ओळखू येत नाही. वळणावर बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा जितका उंच ठेवतात त्याला ते कँट म्हणतात. ब्रॉडगेजसाठी सूत्र असं:

कँट (मिमी) = १७५० × वेग² ÷ (१२७ × त्रिज्या)

वेग ताशी किमीत, त्रिज्या मीटरमध्ये. १२७ हा आकडा आकाशातून पडलेला नाही: ताशी किमीचं मीटर प्रति सेकंद करायला ३.६ ने भागतात, आणि ९.८१ गुणिले ३.६ चा वर्ग म्हणजे १२७. गेज १६७६ मिमी असताना १७५० कुठून आलं? गेज रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर असतं, १७५० हे रुळांच्या माथ्यांच्या मध्यांमधलं. कोन लहान असल्याने साइन आणि टॅन सारखेच धरलेत. ८७५ मीटर त्रिज्येवर ताशी ८० किमीसाठी कँट येतो साधारण १०१ मिमी.

पण त्याच रुळावरून जलद गाडी आणि मालगाडी दोन्ही जातात. एकाच वेगाला जुळणारा कँट दुसरीला जुळणार नाही. जास्त वेगाच्या गाडीला जे आतलं बल कमी पडतं ते बाहेरचा रूळ चाकाच्या कडेवर दाब देऊन पुरवतो. संथ मालगाडीचा भार आतल्या रुळावर जास्त येतो. म्हणून कँट ही नेहमी तडजोड असते.

जत्रेतली तीन गणितं

'मौत का कुआँ' पाहताना बलांची कामं अदलाबदल झालेली दिसतात. भिंत उभी, म्हणून अभिलंब बल आडवं, थेट केंद्राकडे. आणि घर्षण? ते वर, वजन पेलायला. सपाट वळणाची आकृती पाठ करून आलेला विद्यार्थी इथेही घर्षण आत काढतो. ५ मीटर त्रिज्या आणि ०.५ गुणांक असेल तर अभिलंब बल वजनाच्या किमान दुप्पट लागतं, तेव्हा कुठे घर्षण वजनाइतकं होऊ शकतं. त्यासाठी चाल १० मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी ३६ किमी. त्याहून हळू गेला तर खाली घसरेल.

साखळ्यांना खुर्च्या टांगलेला गोल पाळणा फिरू लागला की साखळ्या तिरक्या होतात. इथे बलं दोनच: ताण आणि वजन. ताणाचा उभा घटक वजन पेलतो, आडवा घटक खुर्चीला वळवतो. सापळा त्रिज्येचा आहे. साखळीची लांबी म्हणजे त्रिज्या नव्हे. साखळी एका बिंदूला बांधली असेल तर त्रिज्या लांबी × साइन थीटा; इथे थीटा म्हणजे साखळीचा उभ्या रेषेशी कोन. चकतीच्या कडेला बांधली असेल तर त्यात चकतीची त्रिज्या मिळवायची.

आकाशपाळण्याची त्रिज्या ८ मीटर आणि एक फेरा १२ सेकंदांचा धरू. त्वरण सुमारे २.२ मीटर प्रति सेकंद वर्ग. ५० किलोच्या माणसाला वळवायला ११० न्यूटन लागतात. अगदी वर असताना केंद्र खाली आहे: वजन केंद्राकडे, सीटचं बल केंद्रापासून दूर. ५०० वजा सीटचं बल बरोबर ११०, म्हणून सीट ३९० न्यूटन लावते. खाली असताना उलट, ६१० न्यूटन. पोटात गोळा येतो तो या फरकाने. मधल्या उंचीवर, बाजूला असताना? सीट वर ५०० न्यूटन लावते आणि शिवाय घर्षणाने किंवा पाठीच्या टेकूने आडवे ११० न्यूटन. परीक्षेत वरचा आणि खालचा बिंदू विचारतात, पण समज तपासायला बाजूचा बिंदू चांगला.

उभं वर्तुळ: पाण्याची बादली

बादली डोक्यावरून फिरवली तरी पाणी सांडत नाही. वस्तू म्हणून पाणी निवडा. सर्वांत वरच्या बिंदूवर त्याच्यावर दोन बलं: वजन खाली, आणि बादलीच्या तळाचं बल, तेही खाली. दोन्ही केंद्राकडे. वर ढकलणारं काहीही नाही, आणि शोधूही नका. पाणी खालीच येत असतं. फक्त बादलीही तितक्याच किंवा अधिक त्वरणाने खाली वळत असते.

तळाचं बल शून्याखाली जाऊ शकत नाही, कारण तळ पाण्याला ढकलू शकतो, ओढू शकत नाही. म्हणून किमान वेग तिथे, जिथे वजन एकटंच पुरतं: वेग² = गुरुत्व त्वरण × त्रिज्या. हात आणि बादली मिळून १ मीटर धरलं तर ३.२ मीटर प्रति सेकंद, म्हणजे फेऱ्याला जेमतेम २ सेकंद.

दोरीला बांधलेला गोळा मोकळा फिरत असेल तर चाल बदलते, म्हणून ऊर्जा अक्षय्यता जोडीला घ्यावी लागते. वर किमान वेग असेल तर तळाशी वेग² = ५ × गुरुत्व त्वरण × त्रिज्या, आणि ताण वजनाच्या सहापट. दोरी अशा झोक्यात तुटते ती बहुधा तळाशी. दोरीऐवजी ताठ दांडी असेल तर ती ढकलूही शकते, आणि मग वरच्या बिंदूवर वेग शून्य असला तरी चालतं. प्रश्नात 'दोरी' आहे की 'दांडी', ते वाचूनच पुढे जा.

जिथे स्पर्श कुणाचाच नाही

चंद्राला कुणी स्पर्श करत नाही, म्हणून यादीत फक्त गुरुत्वाकर्षण. अंतर ३,८४,००० किमी, फेरा २७.३ दिवसांचा. वेग² ÷ त्रिज्या काढलं तर ०.००२७ मीटर प्रति सेकंद वर्ग. आता दुसरीकडून या: चंद्र पृथ्वीच्या केंद्रापासून पृथ्वीच्या त्रिज्येच्या सुमारे ६० पट दूर आहे, म्हणून व्यस्त वर्गाच्या नियमाने ९.८ ला ३६०० ने भागा. पुन्हा ०.००२७. न्यूटनने पडताळा घेतला तो याच हिशोबाचा. कॅल्क्युलेटर घेऊन एकदा स्वतः करून बघा, मजा येते.

अपकेंद्री बलाचं काय करायचं?

बस डावीकडे वळली की आपण उजवीकडे फेकले जातो, हा अनुभव खोटा कसा म्हणायचा? अनुभव खरा आहे, बल नाही. शरीर सरळ जात असतं, बस त्याच्याखालून वळते, आणि शेवटी बसची बाजू किंवा शेजारी आपल्याला आत ढकलतो. बाहेरून पाहणाऱ्याला एकच बल दिसतं, आतलं.

बसबरोबर वळणाऱ्या चौकटीत बसून हिशोब करायचा असेल तर मात्र न्यूटनचे नियम जसेच्या तसे चालत नाहीत. ते चालवण्यासाठी वस्तुमान × वेग² ÷ त्रिज्या इतकं बाहेरच्या दिशेचं आभासी बल मिळवतात. त्या चौकटीत वस्तू स्थिर, म्हणून बेरीज शून्य. उत्तर तेच येतं. दोन्ही रीती बरोबर आहेत. अर्धी एक आणि अर्धी दुसरी घेणं चूक. आभासी बल मिळवलं असेल तर उजव्या बाजूला पुन्हा त्वरण लिहायचं नाही. माझं मत विचाराल तर पदवीपर्यंत जमिनीवरच उभं राहा.

वॉशिंग मशीनच्या ड्रायरचं स्पष्टीकरण बहुतेक ठिकाणी 'अपकेंद्री बलाने पाणी बाहेर फेकलं जातं' असं असतं. जमिनीवरून पाहिलं तर कपड्यांना भिंत आत ढकलते आणि फिरवत ठेवते. पाण्याच्या थेंबासमोर भोक आलं की त्याला आत ढकलायला कोणी नाही, आणि कापडाची पकड अपुरी पडते. तो स्पर्शिकेने निघून जातो, गोफणीतल्या दगडासारखाच.

सरावाला एक जोडी

एकाच दोरीला एकच गोळा बांधा. पहिल्या वेळी त्याला आडव्या वर्तुळात फिरवा, दोरी उभ्या रेषेशी ६० अंशांत राहील असा. दुसऱ्या वेळी दोरी ६० अंशांपर्यंत बाजूला ओढून लंबकासारखी सोडा, आणि सोडल्याचा तो पहिला क्षण घ्या. दोन्ही आकृत्यांत बाण तेच, ताण आणि वजन; कोनही तोच. ताण किती?

पहिल्यात त्वरण आडवं, म्हणून उभ्या दिशेने बेरीज शून्य: ताण × कोसाइन ६० = वजन. ताण वजनाच्या दुप्पट. दुसऱ्यात वेग अजून शून्य आहे, म्हणून दोरीच्या दिशेने, म्हणजे केंद्राकडे, त्वरण शून्य. त्वरण सगळं स्पर्शिकेच्या दिशेने. ताण = वजन × कोसाइन ६०, म्हणजे वजनाच्या निम्मा. चौपटीचा फरक पडला, आणि तो बाणांवरून कळला नसता. म्हणून बाण काढून झाले की अक्ष पाडण्याआधी आकृतीच्या कडेला त्वरणाची दिशा तुटक रेषेने काढून ठेवा. बलाच्या बाणांपासून वेगळी, वस्तूला न चिकटवता.